नानीचा चष्मा

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे जाताना आरे-वारेला रस्ता चढावर येतो आणि दोन्ही पुळणी एकदम समोर येतात. पर्यटक तिथे हमखास गाडी थांबवतात. माझी नानी जवळच्याच गावातली. तिला मात्र कित्येक वर्षे तो समुद्र फक्त ऐकू यायचा. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. दारात आलेल्या माणसाला ती खोकल्यावरून ओळखायची.

1980च्या सुमारास शाळेत नेत्रशिबिर भरले. बाकांवर गाद्या, डोळ्यांना पट्ट्या, मान हलवायची नाही. आठवड्याने नानीला जाड भिंगाचा चष्मा मिळाला. ‘होडी दिसली,’ म्हणाली आणि रडली. पुढच्याच पावसाळ्यात चष्मा पडून फुटला आणि नानी पुन्हा अंधारात गेली. तेव्हा डोळ्यातले भिंग काढून टाकत. त्याच्या जागी नवे बसवत नसत. सगळी नजर त्या चष्म्यातच होती.

ही शिबिरे दानधर्मावर चालत. देणाऱ्यांचे उपकार मोठेच. पण काही संस्थांना फार लवकर कळले होते की नुसत्या शिबिरांनी हा अंधार हटणार नाही. शालेय प्रयोगशाळेतल्या स्फोटात बाराव्या वर्षी दृष्टी गमावलेले जॉन विल्सन यांनी 1950 साली राष्ट्रकुलातील अंधांसाठी संस्था काढली. 1952 साली मुंबईत ‘नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड’ उभी राहिली. 1975 साली विल्सन यांच्याच पुढाकाराने अंधत्व प्रतिबंधासाठी आंतरराष्ट्रीय संघटना निघाली. सरकारांनी हे काम आपले मानावे, त्यासाठी पैसा काढावा, हा तिचा आग्रह होता.

पण सरकारकडे मागायला जायचे तर आकडा हवा. आपल्याकडे तो भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 1971 ते 1974च्या पाहणीने दिला. शंभरात 1.38 माणसे अंध, म्हणजे तेव्हाच्या पंचावन्न कोटींत सुमारे पाऊण कोटी. त्यांतली निम्म्याहून अधिक मोतीबिंदूने, म्हणजे ज्यांना पुन्हा दिसू शकले असते अशी. 1975 साली केंद्रीय आरोग्य परिषदेने दृष्टी हा माणसाचा मूलभूत हक्क मानला आणि 1976 साली राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. जोवर कोणी मोजले नव्हते, तोवर नानीसारखी माणसे सरकारच्या हिशेबातच नव्हती.

चष्म्याचे उत्तरही संशोधनानेच दिले. युद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या प्लास्टिक काचेचे तुकडे गेले, तरी डोळा ते सहन करतो, हे लंडनच्या हॅरॉल्ड रिडले यांनी पाहिले आणि 1949 साली डोळ्यात कृत्रिम भिंग बसवले. ते गरिबाच्या डोळ्यापर्यंत पोचायला चाळीस-पन्नास वर्षे गेली. परदेशी भिंग परवडणारे नव्हते. 1992 साली मदुराईच्या ‘अरविंद’ने सेवाभावी संस्थांच्या मदतीने ‘ऑरोलॅब’ काढून ते स्वस्त केले. 1994 साली जागतिक बँकेच्या कर्जातून महाराष्ट्रासह सात राज्यांत मोतीबिंदू प्रकल्प सुरू झाला. शस्त्रक्रिया शाळेच्या बाकांवरून रुग्णालयात गेल्या, डॉक्टरांना भिंग बसवण्याचे प्रशिक्षण मिळाले.

2015 ते 2019च्या राष्ट्रीय पाहणीत अंधत्वाचे प्रमाण 0.36 टक्के आढळले. मधल्या काळात अंधत्वाची व्याख्या बदलली आहे. पूर्वी सहा मीटरवरची बोटे मोजता न येणारा अंध धरीत, आता तीन मीटरवरची. म्हणून हे दोन आकडे शेजारी ठेवून टाळ्या वाजवू नयेत. तरीही उतार खरा आहे.

आता काचबिंदू आणि मधुमेहाने जाणारी नजर समोर आहे. काचबिंदूने गेलेली दृष्टी कोणत्याही शस्त्रक्रियेने परत येत नाही. इथे शिबिर पुरणार नाही. प्रयोगशाळा, पाहण्या आणि त्यांना वर्षानुवर्षे पुरणारा सरकारी पैसा हवा. तो मागत राहणे हेही पुण्याचेच काम आहे.

माझ्या आईचे मोतीबिंदूचे ऑपरेशन अलीकडे झाले. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. घरी येताना तिने आरे-वारेला रिक्षा थांबवायला लावली आणि बराच वेळ काही न बोलता समुद्र पाहत राहिली. मग म्हणाली, ‘आमच्या आईला हे मिळायला हवं होतं.’

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)