एका बोटाची गोष्ट

लहानपणी घसा दुखतो, मागून ताप येतो, सांधे सुजतात. सांधे बरे होतात. पण हृदयाची मायट्रल झडप कायमची आखडू शकते. १९२५ साली लंडनमध्ये हेन्री सूटर या सर्जनने एका तरुणीच्या धडधडत्या हृदयात बोट घालून अशी झडप रुंदावली. मुलगी बरी झाली. तरीही फिजिशियन मंडळींनी त्यांच्याकडे दुसरा रुग्ण पाठवलाच नाही! हीच वाट पुन्हा उघडायला १९४८ उजाडले. अमेरिकेत बेली आणि हार्केन यांनी ती उघडली. १९८२मध्ये जपानच्या कांजी इनोऊ यांनी छाती न उघडता, जांघेतल्या शिरेतून फुगा नेऊन झडप मोकळी केली. मधली तेवीस वर्षे हात थांबला नव्हता, विश्वास थांबला होता. म्हणून घरातल्या मुलाचे सांधे दुखले, तर ‘वाढीचे दुखणे’ म्हणून सोडू नका, डॉक्टरांना दाखवा.