अठ्ठम कोणी केला?



पर्युषणात आपल्या स्थानकात आठ दिवस अंतगड सूत्र वाचलं जातं. मी ते लहानपणापासून ऐकतेय. पण माझा धाकटा चार महिन्यांचा होता त्या वर्षी देवकीमातेचा प्रसंग आला आणि मला एकदम रडू फुटलं. तेव्हापासून आगमांतल्या आयांकडे मी वेगळ्या नजरेने पाहायला लागले.

देवकीचा प्रसंग तुम्हाला माहीत आहे. सारखे दिसणारे सहा मुनी दोघा-दोघांनी तिच्या घरी गोचरीला येतात. भगवान अरिष्टनेमींकडून तिला कळतं, की ही आपलीच मुलं, सुलसेच्या घरी वाढलेली. ती घरी येते आणि अंथरुणावर पडून विचार करते: सात मुलांना जन्म दिला, पण एकालाही दूध पाजलं नाही, एकाचेही बोबडे बोल ऐकले नाहीत. द्वारकेच्या राजघराण्यातली ही आई. बाहेरून पाहिलं तर तिला काय कमी होतं? पण श्रीकृष्ण पाया पडायला आले तेव्हा "तुला काय कमी आहे" असं म्हणाले नाहीत. एरवी मला पाहून तुला आनंद होतो, आज असं का, एवढंच त्यांनी विचारलं. तिने सगळं सांगितलं. मग श्रीकृष्णांनी पौषधशाळेत जाऊन अठ्ठम केला आणि पुढे गजसुकुमाल जन्मले.

ज्ञाताधर्मकथेत धारिणी राणी आहे, मेघकुमारची आई. गर्भारपणी तिला डोहाळा लागतो अवकाळी मेघांचा. तो पुरा होणार कसा? ती वाळत जाते, फिकी पडते, खाणंपिणं, फुलं, दागिने, कशातच तिचं मन राहत नाही. दासी पुन्हा पुन्हा विचारतात, ती गप्प. त्या जाऊन श्रेणिक राजाला सांगतात. राजा घाईने येतो, त्यालाही ती आधी सांगत नाही. तो शपथ घालतो तेव्हा बोलते. इथे अठ्ठम करतो अभयकुमार, तिचा सावत्र मुलगा.

आपल्या मंदिरमार्गी मैत्रिणी कल्पसूत्र ऐकतात. त्यात त्रिशलामाता आहे. गर्भ हलेनासा झाला तेव्हा ती शोकात बुडाली आणि महालातले मृदंग, वीणा, नाटक सगळं थांबलं. आईचं मन खचलं तर घराने गाणं-बजावणं थांबवलं, हे ग्रंथात मुद्दाम नोंदवलंय. पंधराव्या शतकातल्या सचित्र पोथ्यांमध्ये त्रिशलेचा शोक आणि नंतरचा आनंद, दोन्ही प्रसंग रंगवलेले दिसतात. पुढे तिचा आहारही सांगितलाय: फार थंड नाही, फार गरम नाही, फार तिखट, कडू, आंबट, गोड नाही, फार तेलकट किंवा कोरडंही नाही. ऋतूला मानवेल असं, वेळेवर आणि मोजकं. सोबत विश्रांती, आणि शोक-भीतीपासून दूर ठेवणं.

हे आगम देवर्धिगणी क्षमाश्रमणांच्या काळी वलभीत लिहून ठेवले गेले, वीरनिर्वाणानंतर 980 वर्षांनी (काही जण 993 म्हणतात). म्हणजे घरदार सोडलेल्या साधूंनी आयांचं हे उदासपण शेकडो वर्षं मुखोद्गत जपलं आणि मग लिहिलं.

मला यातून एकच गोष्ट दिसते. अठ्ठम देवकीने केला नाही, धारिणीनेही नाही. तो तिच्यासाठी दुसऱ्याने केला.

आणि आपल्याकडे? माझंच सांगते. संध्याकाळी बाळ नेमकं जेवणाच्या वेळी रडायचं. सूर्यास्त व्हायचा, चौविहार लागायचा, मी अर्धपोटी. रात्रभर पाजायचं आणि नवकारसीपर्यंत पाणीही नाही. दुपारी चहा-खाखऱ्यावर भागवायचं. बाळंतपणात डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, सुंठ-गूळ सगळं मिळालं होतं, पण सव्वा महिन्यानंतर आईच्या ताटाकडे कोण बघतं? मी कोणाशी बोलेनाशी झाले. एक दिवस मोठ्या जाऊबाईंनी विचारलं, "आज काय खाल्लंस गं?" मला आठवेना. दुसऱ्या दिवसापासून पाच वाजता बाळ त्यांच्या मांडीवर आणि मी ताटावर. त्यांनीच मला डॉक्टरांकडेही नेलं.

पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज साधारण 500 ते 600 कॅलरी जास्त लागतात. आपण कंदमूळ खात नाही, तेव्हा डाळी, दूध-दही, तीळ, खजूर, पालेभाज्या यांकडे जास्त लक्ष हवं. बी-12 आणि लोह तपासून घ्यावं. तपाचं म्हणाल तर तत्त्वार्थसूत्रातल्या सोळा भावनांत त्याग आणि तप शक्तीप्रमाणेच सांगितलेत. पच्चक्खाणाबद्दल मनात शंका असेल तर महासतीजींना मोकळेपणाने विचारा.

बाळंतपणानंतर सुरुवातीला रडू येणं बऱ्याच जणींना होतं, ते साधारण 2 आठवड्यांत ओसरतं. त्यापुढेही राहिलं, झोप-भूक गेली, बाळाजवळ जावंसं वाटेना, तर डॉक्टरांना दाखवा. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार आले तर त्याच दिवशी. कर्माचं फळ म्हणून गप्प बसू नका. ताप आला तर आपण औषध घेतोच ना?

या पर्युषणात देवकीचा प्रसंग येईल तेव्हा आपल्या ओळीत बाळ घेऊन बसलेल्या सुनेकडे एकदा बघा. घरी आल्यावर बाळ आपल्याकडे घ्या आणि तिला आधी जेवायला बसवा.