दप्तरातला हुकूम आणि दरवाज्यावरचा पहारा

पुणे-सातारा रस्त्यावरील नसरापूरहून पश्चिमेस वळले की वाट वेल्ह्याकडे जाते आणि थोड्याच वेळात राजगडाचा बालेकिल्ला दिसू लागतो. मुरुंबदेवाच्या डोंगरावर शिवछत्रपतींनी उभारलेला हा गड सुमारे पाव शतक स्वराज्याची राजधानी होता. १६६५ च्या पुरंदरच्या तहात २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले. राजगड मात्र महाराजांकडेच राहिला.

या गडाची मांडणी नीट पाहावी. पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या, आणि मधोमध उंचावर बालेकिल्ला. पाली दरवाजा, गुंजवणे दरवाजा, अळू दरवाजा अशा चढण्याच्या वाटा निरनिराळ्या. एका माचीत शत्रू शिरला म्हणजे गड पडला असे नव्हे. बालेकिल्ल्याची वाट उभ्या कड्याची, आणि तिच्या माथ्यावर त्याचा स्वतःचा महादरवाजा. तटाच्या आत पुन्हा तट, हे या रचनेचे मर्म.

संगणकांच्या जगात हा विचार बराच उशिरा रुजला. जून २०१४ मध्ये गूगलने ‘कुबरनेटीस’ ही प्रणाली सर्वांसाठी खुली केली. अनेक यंत्रांचा एक समूह, म्हणजे क्लस्टर, बांधायचा आणि त्यावर ‘पॉड’ नावाच्या लहान कप्प्यांत कंटेनर चालवायचे, ही तिची कल्पना. तिच्या जाळ्याचा मूळ नियम असा की कोणत्याही पॉडला दुसऱ्या कोणत्याही पॉडपर्यंत थेट पोहोचता यावे. आज्ञावली लिहिणाऱ्यांना हे फार सोयीचे होते. परंतु बाहेरचा तट कितीही भक्कम असला, तरी आत सारे मोकळे मैदान! एखाद्या क्षुल्लक संकेतस्थळाच्या पॉडमध्ये शिरलेल्या चोराला थेट ग्राहकांच्या डेटाबेसच्या दारापर्यंत चालत जाता येई.

त्यावरील उपाय म्हणजे ‘नेटवर्क पॉलिसी’, अर्थात कोणी कोणाशी बोलावे याचे धोरण. २०१६ मध्ये ते प्रायोगिक रूपात पुढे आले आणि जून २०१७ च्या १.७ या आवृत्तीत स्थिर झाले. पॉड सतत मोडतात, नव्याने उभे राहतात आणि त्यांचे पत्ते बदलतात. म्हणून हे धोरण पत्ता पाहत नाही, पॉडवर लावलेली खूणचिठ्ठी, म्हणजे लेबल, पाहते. त्यात मनाईचे कलमच नाही, केवळ परवानग्या आहेत. एखादा पॉड एकदा धोरणाच्या कक्षेत आला, की धोरण ज्या दिशेचे असेल त्या दिशेने जे परवानगीत नाही ते सारे बंद. म्हणून प्रशासक प्रथम एकही परवानगी नसलेले धोरण सर्व पॉडना लावतात आणि मग गरजेपुरती एकेक दिंडी उघडतात. बाहेर जाणारी वाट बंद करताना ५३ क्रमांकाच्या पोर्टवरील नामशोध अडला, की सारे ॲप खोळंबते. नवख्यांची ही नेहमीची फसगत.

खरा धोका मात्र याहून गहन आहे. कुबरनेटीस धोरण केवळ नोंदवून घेते. अंमलबजावणी जाळे सांभाळणाऱ्या निराळ्या घटकाकडे, म्हणजे कॅलिको किंवा सिलियमसारख्या प्लगइनकडे असते. तो घटक नसेल तरीही धोरण विनातक्रार स्वीकारले जाते. यादी मागितली तर ते दिसतेही. दप्तरात हुकूम आहे, दरवाज्यावर पहारेकरी नाही!

सभासदाच्या बखरीत गडाच्या कारभाराचे वर्णन आहे. हवालदार, सबनीस आणि सरनोबत हे तिघे एकाच प्रतीचे अधिकारी. लेखणी एकाकडे, शिबंदी दुसऱ्याकडे. पण दोघेही गडावर हजर. क्लाउडवरील भाड्याच्या क्लस्टरमध्ये लेखणी कंपनीच्या ताब्यातील नियंत्रक यंत्रावर असते आणि पहारा ग्राहकाच्या प्रत्येक यंत्रावर बसवावा लागतो. गूगलच्या सेवेत जुन्या पद्धतीच्या क्लस्टरवर ही अंमलबजावणी आधी नियंत्रकाकडे आणि मग यंत्रांवर, अशी दोन पायऱ्यांनी सुरू करावी लागते. दुसऱ्या पायरीला सारी यंत्रे नव्याने उभी होतात, म्हणून ऐन वर्दळीत हे काम कोणी काढत नाही. ‘डेटाप्लेन व्ही२’ या नव्या रचनेत पहारा अंगभूतच आहे. ॲमेझॉनच्या सेवेत तर ऑगस्ट २०२३ पर्यंत तिच्या स्वतःच्या जाळे-प्लगइनमध्ये ही सोयच नव्हती. कॅलिको वेगळे बसवावे लागे.

म्हणून जाणते प्रशासक धोरणांची यादी पाहून थांबत नाहीत. भलत्याच लेबलाचा एक तात्पुरता पॉड उभा करून ते डेटाबेसचे दार ठोठावतात. उत्तर आले, तर पहारा बसलेलाच नाही, नाहीतर कोठेतरी नको ती परवानगी राहून गेली आहे. विनंती ताटकळत मुदत संपून विरली, तर परवानगी असलेल्या पॉडमधूनही तेच दार एकदा ठोठावतात, आणि तिथून उत्तर आल्यावरच तो तात्पुरता पॉड मोडतात.