पानावरून ओळीकडे: श्रीरामपूरचे खिळे ते सिंकटेक्स

पुस्तक छापायला जाण्याआधी पडद्यावर पान पाहताना ८१व्या पानावर ‘रेजिमेंट’ऐवजी ‘रेजिमेट’ दिसलं, तर मूळ मजकुरातली ती ओळ कशी गाठायची? आजचा विषय एवढाच आहे. लाटेकमध्ये लिहिणाऱ्यांना हा प्रश्न रोज पडतो. लाटेकमध्ये आपण साध्या अक्षरांत मजकूर आणि खुणा लिहितो. संगणक त्यावरून पान जुळवून पीडीएफ देतो. मूळ आणि पान या दोन वेगळ्या फायली असतात, आणि त्यांच्यात जा-ये हवी असेल तर लेखनाचा प्रोग्राम आणि पीडीएफ दाखवणारा प्रोग्राम यांची ओळख करून द्यावी लागते.

मी हे न्यू टाउनमधून बोलतो आहे. इथून हुगळी ओलांडून वर गेलं की श्रीरामपूर लागतं. मराठी छपाईचा पहिला मोठा अध्याय या गावातला. १८०० साली विल्यम कॅरी, जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड यांनी तिथे छापखाना काढला. पंचानन कर्मकार आणि त्यांचे जावई मनोहर यांनी अक्षरांचे पोलादी ठसे कोरले. १८०५ साली कॅरीचं मराठी व्याकरण तिथे छापलं गेलं. त्याच्या कामात फोर्ट विल्यम कॉलेजातले मराठीचे मुख्य पंडित वैजनाथ यांची मदत होती. १८१० साली मराठी कोश निघाला, तो मोडी खिळ्यांत.

त्या काळी पानावरून मुळाकडे जायची वाट माणसाच्या हातात होती. प्रूफ काढायचं, चुकीला खूण करायची, जुळाऱ्याने खण शोधून खिळा बदलायचा. ११ मार्च १८१२ च्या संध्याकाळी छापखान्याला आग लागली. कागद जळाला, खिळे वितळले, कॅरीच्या बहुभाषी कोशाचं हस्तलिखित राख झालं. पण ढिगाऱ्याखाली ठसे आणि साचे शाबूत सापडले, आणि त्यांवरून खिळे पुन्हा ओतता आले. हस्तलिखिताला मात्र साचा नव्हता. पान गेलं तरी मूळ असेल तर पान परत उभं राहतं. मूळ गेलं की हाती राहिलेल्या पानावरून ते पुरतं मिळत नाही.

आता संगणकाकडे येऊ. १९७७ साली डोनाल्ड क्नुथ यांच्या हाती स्वतःच्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाची नवी प्रुफं आली. प्रकाशजुळणीची ती अक्षरं त्यांना इतकी खटकली की त्यांनी पानं जुळवणारा प्रोग्रामच लिहायला घेतला. तो टेक. १९८०च्या दशकात लेस्ली लॅम्पोर्ट यांनी त्यावर लाटेक उभारलं. टेक जी फाइल देई तिला डीव्हीआय म्हणत, म्हणजे कुठल्याही एका यंत्राशी न बांधलेली. ती पडद्यावर पाहायला वेगळा प्रोग्राम लागे. आजच्या पीडीएफ दर्शकाचा तो पूर्वज.

देवनागरीची वाट आणखी लांब होती. १९९१ साली नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनच्या फ्रान्स वेल्थुइस यांनी देवनागरीची सोय केली, पण लिहायचं रोमन अक्षरांत. एक प्रोग्राम ते टेकच्या भाषेत बदले, मग टेक पान जुळवी. म्हणजे पानावर ‘मराठी’ दिसे आणि मुळात वेगळंच काही असे. २००४ मध्ये जोनाथन क्यू यांचं झीटेक आलं. तेव्हापासून मूळ फाइलही थेट देवनागरी युनिकोडमध्ये लिहिता येऊ लागली.

दरम्यान १९९३ साली अडोबीने पीडीएफ आणलं. हान थे थान यांच्या पीडीएफटेकमुळे टेकमधून थेट पीडीएफ निघू लागलं. पान देखणं झालं, पण त्यातलं अक्षर कुठल्या ओळीतून आलं हे पीडीएफ स्वतःहून सांगत नाही. जेरोम लॉरेन्स यांच्या सिंकटेक्सने ही उणीव भरून काढली. २००८च्या टेक लाइव्ह संचात ते आलं. पान जुळवतानाच पानावरचा प्रत्येक तुकडा कुठल्या फाइलच्या कितव्या ओळीतला, ही नोंद ते शेजारच्या छोट्या फायलीत ठेवतं. फौजेत नकाशावरून जमीन ओळखायची आणि जमिनीवरून नकाशा, दोन्ही शिकवतात. एकच येणारा वाट चुकतो. इथेही तसंच.

आता मांडणी. व्हीएस कोडमधलं ‘लाटेक वर्कशॉप’ हे जोडसाधन घेऊ. त्यात पान शेजारच्या टॅबमध्ये, ब्राउझरमध्ये किंवा बाहेरच्या प्रोग्राममध्ये उघडण्याची निवड आहे. नवख्याने टॅब घ्यावा. पानावर कंट्रोल दाबून क्लिक केलं की मुळातली ओळ समोर येते.

बाहेरचा प्रोग्राम हवा असेल तर विंडोजवर सुमात्रा, लिनक्सवर ओक्युलर, मॅकवर स्किम. इथे दोन्हीकडे सांगावं लागतं. लेखनाच्या प्रोग्रामला: दर्शक कुठे आहे आणि त्याला फाइल, ओळ, पीडीएफ कशी कळवायची. दर्शकाला: क्लिक झाल्यावर कुठला प्रोग्राम कुठल्या ओळीवर उघडायचा. एकच बाजू भरली तर एकेरी रस्ता मिळतो. विंडोजवर काही दर्शक उघडलेलं पीडीएफ अडवून धरतात आणि नवं पान लिहिलंच जात नाही. सुमात्रा तसं करत नाही.

मराठीत लिहिणाऱ्यांनी तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, झीलाटेकसाठी आपण स्वतःची आज्ञा लिहितो तेव्हा सिंकटेक्सचा पर्याय १ वर ठेवलाय ना. दुसरी, नोंदीची फाइल पीडीएफच्याच नावाने त्याच्याच शेजारी आहे ना. पीडीएफ एकटं हलवलं तर वाट बंद. तिसरी, नोंद ओळीनिहाय असते. अख्खा परिच्छेद एकाच ओळीत चिकटवला असेल तर क्लिक फक्त परिच्छेदापर्यंत नेईल. म्हणून प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर लिहा. पानावर ते सलगच दिसतं.

आपल्याकडे गावांचे इतिहास, पलटणींच्या आठवणी, घराण्यांच्या बखरी आता घरोघरी संगणकावर लिहिल्या जातात. पुष्कळदा मुद्रकाकडून पीडीएफ तेवढं घरी येतं आणि मूळ तिथेच राहतं. दुसरी आवृत्ती काढायची वेळ आली की सगळं पुन्हा टाइप करावं लागतं. म्हणून पीडीएफबरोबर मूळ फाइल आणि वापरलेले फॉन्ट मागून घ्या, आणि एक प्रत दुसऱ्या घरी ठेवा.