वैमानिक व्हायचे आहे? फ्लाइंग स्कूल निवडण्याआधी हे तपासा

दरवर्षी बारावीच्या निकालाच्या सुमारास ‘पायलट बना’ अशा जाहिराती झळकू लागतात. आपल्या समाजातील मुले-मुलीही आता या वाटेकडे पाहू लागली आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. पण भारतात परवान्यापर्यंतचा खर्च साधारण 45 ते 60 लाख रुपयांच्या घरात जातो, कधी त्याहूनही वर. शेत विकून किंवा वडिलांच्या निवृत्तीचे पैसे लावून एवढी रक्कम उभी करणाऱ्या कुटुंबाला दुसरी संधी नसते. म्हणून संस्था निवडताना काय पाहावे, हे आम्ही येथे क्रमाने देत आहोत.

आधी वैद्यकीय तपासणी, मग फी

नागरी विमान वाहतूक महासंचालनालय म्हणजे डीजीसीए. त्यांच्या मान्यताप्राप्त डॉक्टरांकडे प्रथम वर्ग 2 ची आणि नंतर वर्ग 1 ची तपासणी होते. वर्ग 1 शिवाय व्यावसायिक परवाना मिळत नाही. चष्मा आहे म्हणून कोणी आपोआप अपात्र ठरत नाही. पण रंग ओळखण्यातील दोष, हृदयाचे किंवा कानाचे विकार, फिट येण्याचा इतिहास अशा कारणांनी अडचण येऊ शकते. म्हणून वर्ग 1 चा निकाल हातात येईपर्यंत कोणत्याही संस्थेला मोठी रक्कम देऊ नये, असा आमचा आग्रह आहे.

शिक्षणाची अट भौतिकशास्त्र व गणितासह बारावीची. कला किंवा वाणिज्य शाखेचे अनेक विद्यार्थी हे दोन विषय राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून देतात. परवान्यासाठी वय किमान 18 वर्षे लागते.

परवाना म्हणजे 200 तास आणि काही परीक्षा

व्यावसायिक वैमानिक परवान्यासाठी (सीपीएल) किमान 200 तासांचे उड्डाण लागते. त्यातले 100 तास पायलट इन कमांड म्हणून, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःवर घेऊन, करायचे असतात. लांब पल्ल्याची, रात्रीची आणि केवळ उपकरणांवर विसंबून केलेली उड्डाणेही त्यात मोडतात. शिवाय एअर नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, एअर रेग्युलेशन्स आणि टेक्निकल या विषयांच्या परीक्षा असतात. उत्तीर्ण होण्यासाठी प्रत्येकी 70 टक्के गुण हवेत. रेडिओ संभाषणाची आरटीआर परीक्षा वेगळी. हे विषय घरी किंवा स्वतंत्र क्लासमध्ये अभ्यासता येतात. उड्डाण सुरू होण्याआधी यातले दोन-तीन पेपर निघाले तर संस्थेच्या वसतिगृहातला खर्च बराच वाचतो.

खरा प्रश्न: महिन्याला किती तास उडायला मिळतील?

माहितीपत्रकात विमानांचे फोटो असतात. त्यातली किती विमाने आज उडत आहेत, हे नसते. एक साधा हिशेब करून पाहू. समजा, संस्थेकडे 10 विमाने आहेत, पण सुट्या भागांअभावी 5 उभीच आहेत. उरलेली 5 विमाने दिवसाला 5 तास, महिन्यात 20 दिवस उडाली, तर एकूण 500 तास होतात. विद्यार्थी 60 असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला महिन्याला जेमतेम 8 तास येतात. या वेगाने 200 तासांना दोन वर्षे लागतील. तेवढ्याच विमानांवर 30 विद्यार्थी असते, तर काम एका वर्षात झाले असते.

उशीर झाला की भाडे, जेवण आणि कर्जाचे व्याज चालूच राहते. दिलेल्या परीक्षांची व तपासण्यांची मुदतही सरत जाते. म्हणून संस्थेला हे प्रश्न विचारावेत आणि उत्तरे लेखी घ्यावीत:

– सध्या उडण्यायोग्य विमाने किती आणि विद्यार्थी किती?
– मागच्या तीन तुकड्यांना 200 तास पूर्ण करायला प्रत्यक्षात किती महिने लागले?
– पूर्णवेळ प्रशिक्षक किती आहेत, आणि विमानांची देखभाल जागेवर होते की बाहेर?
– दोन इंजिनांचे विमान संस्थेकडे आहे का? नसेल तर मल्टी इंजिन रेटिंग कुठे करावे लागेल?
– पावसाळ्यात व धुक्याच्या दिवसांत सरासरी किती तास उडता येते?

उत्तरे मिळाली तरी एकदा स्वतः जाऊन दोन दिवस राहावे. कार्यालयात बसू नये. विद्यार्थ्यांच्या मेसमध्ये बसावे. मागच्या महिन्यात तुझे किती तास झाले, एवढा एकच प्रश्न पाच जणांना विचारला की चित्र स्पष्ट होते.

कोणत्या संस्था पाहाव्यात

उत्तर प्रदेशातील फुरसतगंज येथील इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी ही केंद्र शासनाची संस्था आहे. तिथे प्रवेश परीक्षेतून निवड होते आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखीव असतात. महाराष्ट्रात गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावर तसेच बारामती, धुळे, जळगाव येथे प्रशिक्षण चालते.

डीजीसीएने 2025 पासून प्रशिक्षण संस्थांना श्रेणी द्यायला सुरुवात केली आहे. पहिल्या यादीत एकही संस्था सर्वोच्च श्रेणीत नव्हती. यावरून केवळ नावावर जाऊ नये, हे लक्षात यावे. सुरक्षेची नोंदही पाहावी. ऑक्टोबर 2023 मध्ये बारामती परिसरात काही दिवसांच्या अंतराने दोन प्रशिक्षण विमाने कोसळली आणि डीजीसीएने संबंधित संस्थेचे प्रशिक्षण काही काळ थांबवले. अशा वेळी भरलेल्या पैशांचे काय होणार, हे करारात आधीच लिहिलेले असायला हवे.

पैसे कसे द्यावेत

संपूर्ण फी एकदम भरू नये. उड्डाणाच्या तासांनुसार हप्ते ठरवावेत, म्हणजे 40-50 तास झाले की पुढचा हप्ता. इंधन, लँडिंग, परीक्षा, गणवेश, निवास आणि जीएसटी फीमध्ये आहेत की वेगळे, ते विचारावे. परवान्यानंतर एअरबस किंवा बोइंगसारख्या विमानाचे टाइप रेटिंग करावे लागते. त्याचा खर्च बऱ्याचदा आणखी 15 लाखांच्या वर जातो. तोंडी दिलेल्या नोकरीच्या हमीला काहीच किंमत नाही.

शिष्यवृत्ती आणि जातीचा दाखला

अनुसूचित जातींसाठीच्या केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत वैमानिक परवान्याचा अभ्यासक्रम पहिल्या गटात आहे. उत्पन्नाची मर्यादा वार्षिक अडीच लाख. मात्र निवडलेली संस्था योजनेत बसते का आणि किती फी मिळेल, हे जिल्ह्याच्या समाजकल्याण सहायक आयुक्त कार्यालयातून प्रवेशाआधी लेखी विचारावे. कर्जासाठी महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळामार्फत राबवल्या जाणाऱ्या एनएसएफडीसीच्या शैक्षणिक कर्ज योजनेची चौकशी करावी.

आपल्या वाचकांसाठी एक महत्त्वाची बाब. 1990 च्या दुरुस्तीने बौद्धांना केंद्राच्या सवलती मिळाल्या, पण केंद्रीय संस्थेत प्रवेश घेताना केंद्राच्या नमुन्यातील अनुसूचित जातीचा दाखला लागतो आणि त्यात मूळ जातीची नोंद असते. राज्याचा दाखला तिथे पुरेलच असे धरून चालू नये. हे काम महिनाभर आधी सुरू करावे.

परदेशात जाण्याचा विचार असेल, तर केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर व पीएचडी शिक्षणासाठी आहे, हे ध्यानात ठेवावे. फ्लाइंग स्कूलची फी त्यातून निघणार नाही. परदेशी परवाना घेऊन आल्यावरही तो भारतीय परवान्यात बदलण्यासाठी डीजीसीएच्या परीक्षा व अटी पूर्ण कराव्याच लागतात.

संस्था लेखी उत्तर द्यायला टाळाटाळ करत असेल, ‘आजच भरा, जागा संपत आहेत’ अशी घाई करत असेल, तर तिथून बाहेर पडावे. सहा महिने उशिरा प्रवेश घेतल्याने कोणाचे करिअर बुडत नाही. चुकीच्या ठिकाणी अडकलेल्या लाखो रुपयांनी मात्र सबंध घर खचते.