गतिसंवेदी पॉवर स्टिअरिंग

गतिसंवेदी पॉवर स्टिअरिंग : मोटार वळवताना चालकाच्या जोराला मिळणारे साहाय्य वाहनाच्या वेगानुसार कमीजास्त करणारी यंत्रणा. उभ्या मोटारीचे टायर रस्त्यावर घासतच वळत असल्याने तेव्हा सर्वाधिक जोर लागतो. वेग वाढल्यावर हा विरोध घटतो, आणि साहाय्य मात्र तितकेच राहिले, तर हात किंचित हलताच गाडी मार्ग सोडते व रस्त्याची जाण चालकाच्या हातापर्यंत पोहोचत नाही. राजापूर तालुक्यातील नाटे या खाडीकाठच्या गावी जांभ्याच्या गडग्यांमधल्या अरुंद वाटेत गाडी मागेपुढे करून फिरवायची आणि पुढे राजापूरहून मुंबई–गोवा महामार्गाला लागायचे, तर एकाच प्रवासात या दोन्ही परस्परविरुद्ध गरजा भागवाव्या लागतात.

द्रवचालित प्रकारात एंजिनावर फिरणारा पंप तेलाला दाब देतो. स्टिअरिंगच्या दांड्यातील टॉर्शन बार, म्हणजे पीळ घेणारी बारीक सळई, चालकाच्या जोराने थोडी पिळली जाते, त्या प्रमाणात झडप उघडते आणि तेल रॅकला, म्हणजे चाके वळवणाऱ्या दातेरी दांड्याला, हव्या त्या बाजूस ढकलते. यातील मूळ अडचण अशी, की गाडी लावताना, मदत सर्वाधिक हवी असते नेमकी तेव्हाच, एंजिन व त्याबरोबर पंपही मंद फिरत असतो. प्रवाह-नियंत्रक झडपेने ही तफावत बरीच भरून निघते. तथापि घाटात खालच्या गिअरमध्ये एंजिनाच्या फेऱ्या जास्त आणि वेग कमी असल्याने, फेऱ्यांवरून वेगाचा अंदाज बांधता येत नाही. म्हणून वेगसंवेदकाच्या संकेतानुसार तेलाचा प्रवाह वा दाब बदलणारी विद्युत्-झडप जोडली जाऊ लागली. त्यापूर्वीच, 1970 मध्ये आलेल्या सित्रोएन एसएम या फ्रेंच मोटारीत वेगाबरोबर स्टिअरिंग जड करण्याची द्रवचालित योजना होती.

विद्युत् प्रकारात पंप व तेल दोन्ही नसतात; साहाय्याचा जोर विद्युत् मोटर देते. टॉर्शन बारचा पीळ मोजणारा संवेदक आणि वेगाचा संकेत यांवरून नियंत्रक-संगणक मोटरला किती प्रवाह द्यायचा ते ठरवतो, आणि जास्त वेगात स्टिअरिंग डोलू नये म्हणून मोटरचाच उपयोग अवरोधासाठीही करतो. सुझुकीने 1988 मध्ये सर्वो या लहान मोटारीत ही पद्धत आणली. अवजड वाहनांत, लागणाऱ्या जोरामुळे, द्रवचालित पद्धत अजूनही रूढ आहे. पुणे जिल्ह्यातील वढू बुद्रुक येथील कारखान्यात अशा यंत्रणा तयार होतात.

साहाय्य बंद पडले, तरी स्टिअरिंग व चाके यांमधील यांत्रिक जोडणी सहसा कायम राहते. गाडी वळते, परंतु कमी वेगात ती फार जड लागते.