बेडूक : नर-मादी ओळख

बिनशेपटीच्या उभयचर प्राण्यांतील नर आणि मादी ओळखण्याची बाह्य लक्षणे. शेपटीचे उभयचर, म्हणजे सॅलॅमँडर, महाराष्ट्रात निसर्गतः आढळत नाहीत. भारतात त्यांचे घर दार्जिलिंग-सिक्कीमच्या बाजूला, पूर्व हिमालयात आहे. पाळीव सॅलॅमँडरमध्ये विणीच्या काळात नराच्या शेपटीच्या मुळाशी असलेला अवस्कर फुगतो, तर मादीचे पोट अंड्यांनी रुंदावते. राळेगाव (जि. यवतमाळ) परिसरात अशी ओळख पटवायची ती बेडकांमध्ये, आणि तीही पावसाळ्यातच.

मोठा भारतीय बेडूक (होप्लोबॅट्रॅकस टायगेरिनस) : उन्हाळाभर मातीत दडलेला हा बेडूक मृगाच्या जोरदार पावसानंतर धुऱ्याकडेच्या साचलेल्या पाण्यात येतो. एरवी नर-मादी दोन्ही हिरवट-तपकिरी असतात. वीण सुरू झाली की नर लिंबासारखा पिवळा होतो. तो ओरडू लागला की गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या स्वरपिशव्या फुगतात. मादीचा रंग बदलत नाही. तिला स्वरपिशव्या नसतात आणि ती सहसा नरापेक्षा मोठी असते. नराच्या पुढच्या पायाच्या पहिल्या बोटावर खरखरीत गादी येते. मादीला काखेखाली धरून ठेवताना या गादीचा उपयोग होतो.

भेक (डटाफ्रायनस मेलॅनोस्टिक्टस) : अंगणात दिव्याखाली किडे टिपणारा, खडबडीत कातडीचा. नराला हनुवटीखाली एकच स्वरपिशवी असते. एका नराने दुसऱ्याला चुकून मिठी घातली, तर धरला गेलेला नर तुटक आवाज काढून सुटका मागतो.

मर्यादा : केवळ आकारावरून निर्णय करू नये, लहान दिसणारा बेडूक कमी वयाची मादीही असू शकतो. बेडकाच्या पिल्लांत बाहेरून फरक दिसत नाही.

विदर्भात पाऊस लांबला की तो यावा म्हणून बेडूक बांधून घरोघर धोंडी मागण्याची प्रथा आहे. पण बेडूक ओल्या कातडीतूनही श्वास घेतो. कोरड्या वा औषध फवारलेल्या हातांनी धरल्यास त्याला इजा होते. नर-मादी ओळखायला बेडूक पकडण्याची गरज नाही : पहिल्या पावसाच्या रात्री बॅटरी घेऊन धुऱ्यावर उभे राहा, आवाज ऐका, रंग पाहा आणि त्यांना पाण्यातच राहू द्या.